घरात कुणाला अँक्झायटी असेल तर आधार द्यायचा कसा

‘मला काही होणार नाही ना?’

रात्री साडेदहाला हा प्रश्न पहिल्यांदा येतो. घरातलं माणूस शेजारी बसतं, हात हातात घेतं आणि म्हणतं, ‘काही होणार नाही, परवाच तर डॉक्टरांनी तपासलं.’ चेहरा जरा निवळतो. अकराला पुन्हा तोच प्रश्न, शब्द फक्त वेगळे: ‘पण ईसीजी काढला तेव्हा दुखत नव्हतं, मग त्यात कसं दिसेल?’ आता उत्तर लांब द्यावं लागतं. मग सव्वाअकराला, साडेअकराला, मग दर पाच मिनिटांनी. बारा वाजेपर्यंत उत्तर देणाऱ्याचा आवाज चढलेला असतो आणि विचारणारं माणूस रडत असतं.

यात कुणाचीच माया कमी पडलेली नसते. चिंता कशावर पोसते, हे मात्र दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. ज्या मदतीनं चिंता तत्काळ उतरते, तीच मदत बहुतेक वेळा तिला टिकवून ठेवते. घरच्यांना हे पटणं सगळ्यात अवघड जातं, कारण वरवर पाहता ते माणुसकीच्या विरुद्ध वाटतं. म्हणून आधी त्यामागचं कारण पाहू.

चिंतेचं चक्र फिरतं कसं

मेंदूत धोका हेरणारी एक यंत्रणा असते. अमिग्डाला हा तिचा महत्त्वाचा भाग. धोका वाटला की ती विचारांची वाट पाहत नाही. अॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात धडधडू लागतं, श्वास भरभर चालतो, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. अँक्झायटी असलेल्या माणसात ही घंटा धोका नसतानाही वाजते किंवा लहानशा धोक्याला मोठ्यानं वाजते. घंटा खोटी असली तरी शरीरात जे घडतं ते शंभर टक्के खरं असतं. ‘नाटकं करतोय’ हा शब्द म्हणूनच घरातून कायमचा हद्दपार करायला हवा.

समजा, लिफ्टची भीती आहे. लिफ्टसमोर उभं राहिल्यावर छाती धडधडते. माणूस जिन्यानं जातो आणि दोन मिनिटांत सुटल्यासारखं वाटतं. त्या सुटकेतून मेंदू धडा घेतो की लिफ्ट टाळली म्हणून वाचलो. लिफ्टमध्ये जाऊन काही झालं नसतं, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. पुढच्या वेळी घंटा जरा आधी आणि जरा मोठ्यानं वाजते. टाळण्यातून मिळणारी सुटका भीतीला कशी घट्ट करते, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी 1947 मध्ये केली होती. आजच्या उपचारांचा पायाही याच समजुतीवर उभा आहे.

आता यात घरच्यांना आणा. लिफ्ट नको म्हणून सगळं कुटुंब सहा मजले चढतं. फोनवर बोलायची भीती म्हणून बहीण त्याचे सगळे फोन करते. एकटीला झोप येत नाही म्हणून आई वर्षानुवर्षं मुलीच्या खोलीत झोपते. रात्रीच्या त्या प्रश्नाला तेराव्यांदा उत्तर दिलं जातं. अशा वेळी टाळायचं काम आपणच त्यांच्या वतीनं करत असतो. अभ्यासक याला कुटुंबानं चिंतेशी जुळवून घेणं म्हणतात. आपण इथे त्याला सरळ ‘सवलत’ म्हणू.

या सवलतींना किती वजन आहे, हे येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामावरून दिसतं. 2020 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात चिंताविकार असलेली 7 ते 14 वयाची 124 मुलं होती. एका गटातल्या मुलांना स्वतःला थेरपी मिळाली. दुसऱ्या गटात मुलांना कुणी भेटलंच नाही, फक्त आईवडिलांना सवलती कशा कमी करायच्या ते शिकवलं. दुसऱ्या गटातली मुलंही पहिल्या गटाच्या तोडीची सुधारली. आपण आपलं वागणं बदललं तर समोरच्याची चिंता हलू शकते, याचा हा भक्कम पुरावा आहे. समोरचं माणूस उपचाराला अजून तयार नसेल, तेव्हा तर हे फार मोलाचं ठरतं.

नुसती काळजी की विकार?

परीक्षेआधी, ऑपरेशनआधी, नोकरी गेल्यावर चिंता वाटणारच. चिंता मोठी आहे की लहान, यावरून विकार ठरत नाही. ती किती दिवस टिकते आणि आयुष्यातलं काय काय हिरावून नेते, हे पाहावं लागतं. सतत सगळ्याचीच काळजी वाटणं बहुतेक दिवस, सहा महिने किंवा जास्त काळ चाललं, ती आवरता येईना, झोप उडाली, अंग आखडलं, चिडचिड वाढली, लक्ष लागेना, तर डॉक्टर सर्वसाधारण चिंताविकाराचा विचार करतात. अचानक येणारे पॅनिक अटॅक आणि पुढच्या अटॅकची धास्ती हा वेगळा प्रकार. लोकांसमोर आपलं हसं होईल ही भीती हा आणखी वेगळा. प्रकार कोणता ते तज्ज्ञ ठरवतील. घरच्यांनी एवढंच पाहावं की वर्षभरापूर्वी हे माणूस जे सहज करत होतं, त्यातलं आज काय काय सुटलं आहे.

जीएडी-7 नावाची सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली डॉक्टर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण असतात, एकूण 21. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करून घ्यायची असा संकेत आहे. त्यावरून घरीच निदान करू नका, पण डॉक्टरांशी बोलायला सुरुवात म्हणून ती उपयोगी पडते.

शारीरिक तपासणी मात्र टाळू नका. थायरॉइड जास्त काम करत असेल, रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, साखर अचानक खाली जात असेल, तर थेट चिंतेसारखीच लक्षणं दिसतात. दम्याची काही औषधं आणि नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही धडधड होते. कॅफीनचंही तसंच. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात, पण अँक्झायटी असलेल्यांना त्याच्या निम्म्यानंही त्रास होऊ शकतो. शिवाय दुपारी घेतलेल्या कॅफीनमधलं जवळपास निम्मं पाच तासांनीही अंगात असतं. कमी करायचं तर हळूहळू करा, एकदम बंद केलं की डोकं धरतं. दारूचा सापळा याहून वाईट. रात्री ती शांत करते, पहाटे उतरताना चिंता दुप्पट करून जाते, आणि मग माणूस संध्याकाळची वाट पाहू लागतो.

तपासणी एकदा नीट करा. रिपोर्ट चांगले आले की ‘अजून एकदा खात्री’ म्हणून तीच तपासणी पुन्हा करणं ही सवलत होते.

बोलायचं काय

आधाराच्या वाक्याला दोन अर्धी असतात आणि दोन्ही लागतात. पहिल्या अर्ध्यात भावना मान्य करायची: ‘तुला आत्ता खूप भीती वाटतेय, हे दिसतंय मला.’ दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्यावरचा विश्वास दाखवायचा: ‘आणि ही भीती तू सहन करू शकशील, असं मला वाटतं.’ नुसतं पहिलं बोललं की आपणही भीतीच्या बाजूनं उभे राहतो. नुसतं दुसरं बोललं की ते हुकूम सोडल्यासारखं वाटतं. दोन्हींच्या मध्ये ‘पण’ घालू नका, ‘आणि’ घाला. ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं.

भावना मान्य करायची म्हणजे भीतीतला मजकूर मान्य करायचा नाही. ‘विमान पडेल असं वाटून तुझ्या पोटात गोळा आलाय’ हे मान्य. ‘हो ना, विमानांचा काय भरवसा’ हे नाही.

‘शांत हो’ हे वाक्य काम का करत नाही? कारण शांत होणं त्यांच्या हातात असतं तर ते केव्हाच झाले असते. आता भीतीवर अपयशाचं ओझं चढतं. ‘एवढं काय त्यात’ म्हटलं की पुढच्या वेळी ते सांगणंच बंद करतात. ‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला तर मनातच वाद लावून देतो, आणि चिंतेशी घातलेला वाद चिंताच जिंकते, कारण ‘पण समजा...’ हा तिचा हुकमाचा पत्ता असतो.

रात्रीच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. प्रश्न माहितीसाठी आहे की आश्वासनासाठी, हे ओळखायची खूण सोपी आहे. उत्तर दिल्यावर विषय संपतो का? संपत असेल तर ती माहिती होती. तोच प्रश्न नवा सदरा घालून परत आला, तर ते आश्वासन मागणं आहे. पहिल्यांदा खरं उत्तर द्या, पूर्ण द्या. पुढच्या खेपेला म्हणा, ‘याचं उत्तर मी मघाशी दिलं. आता पुन्हा दिलं तर पाच मिनिटं बरं वाटेल आणि परत हाच प्रश्न येईल. मी इथे बसतो तुझ्याजवळ, उत्तर मात्र देणार नाही.’ हात धरायला, शेजारी बसायला हरकत नाही. तुम्ही सोबत नाकारत नाही, फक्त खात्री नाकारता, कारण आयुष्यात शंभर टक्के खात्री कुणालाच मिळत नाही आणि त्याशिवाय झोपता येणं हेच शिकायचं आहे.

हे मात्र त्याच रात्री अचानक सुरू करू नका. दिवसा, दोघंही शांत असताना ठरवा. न ठरवता गप्प बसलात तर त्याचा अर्थ ‘चिडलात’ असाच घेतला जाईल.

पॅनिक अटॅक येतो तेव्हा

काही मिनिटांतच धडधड, घाम, थरथर, श्वास अडकल्यासारखं, छातीत दुखणं, चक्कर, हातापायांना मुंग्या, आपण मरणार किंवा वेडे होणार ही खात्री. बहुतेक अटॅक दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतात आणि वीस ते तीस मिनिटांत ओसरतात. नंतर अंगातून कुणी त्राण काढून घेतल्यासारखा थकवा येतो.

आधी सावधगिरी. असं पहिल्यांदाच होत असेल तर ‘पॅनिकच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे सरकत असेल, श्रम करताना सुरू झालं असेल, माणूस बेशुद्ध पडला असेल, ओठ निळे पडले असतील, आधीपासून हृदयविकार असेल, तर थेट आपत्कालीन मदत घ्या. पॅनिक हे निदान डॉक्टरांनी एकदा केल्यानंतरच पुढचं लागू होतं.

समोर उभे राहून वाकू नका. बाजूला, त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसा. गर्दी हटवा, पण जागा सोडायची घाई करू नका. आवाज खाली आणि सावकाश. वाक्यं चार-पाच शब्दांची: ‘हा अटॅक आहे. चढेल, मग उतरेल. मी इथेच आहे.’ एका वेळी एकच जण बोलेल. स्पर्श हवा का ते विचारा, काहींना त्या क्षणी अंगाला हात लावलेला सोसत नाही.

‘दीर्घ श्वास घे’ असं सगळे म्हणतात आणि तिथेच गडबड होते. माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ऑक्सिजन मात्र पुरेसा असतो. अशा वेळी आणखी मोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात आणि भीतीही. सांगायचं ते ‘हळू’. नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोटभर नाही, नेहमीएवढाच. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. सूचना देत बसू नका, तुम्हीच ऐकू येईल असा श्वास घेत राहा, ते आपोआप तुमच्या लयीत येतात. जमलं नाही तर सोडून द्या, श्वासाची परीक्षा घेऊ नका. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय करू नका. त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसाचा निघाला तर तो जिवावर बेतू शकतो.

चक्कर येऊन पडू, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात शुद्ध जाणं विरळाच. अपवाद आहे तो रक्त आणि सुईच्या भीतीचा. तिथे रक्तदाब खरोखर कोसळतो आणि माणूस कोसळू शकतो. त्यांना उलटं शिकवावं लागतं: हात, पाय आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, 20 ते 30 सेकंद सैल सोडायचे, असं पाच वेळा.

अटॅक ओसरला की ‘कशामुळे झालं?’ ही चौकशी लगेच नको. पाणी, थोडी विश्रांती, आणि शक्य असेल तर जे काम चाललं होतं तेच पुन्हा, अगदी पाच मिनिटं का होईना. दुकानातून अटॅकच्या शिगेवर पळ काढला तर दुकान धोक्याचं ठरतं. तिथेच बाकावर बसून तो ओसरू दिला तर मेंदूच्या हाती वेगळी नोंद लागते.

सवलती काढायच्या कशा

एकदम नाही आणि सगळ्या एका वेळी नाही. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त वहीत लिहा: चिंतेमुळे आज आपण काय केलं, काय करायचं सोडलं, किती वेळा, किती मिनिटं. आठवड्याअखेर ही यादी पाहून बहुतेक घरं चकित होतात. आपण इतकं करतोय, हे लक्षातच आलेलं नसतं.

त्यातली एकच सवलत निवडा. जी वरचेवर घडते, जी पूर्णपणे तुमच्या वागण्यातली आहे, आणि जी काढल्यावर तुम्ही ठाम राहू शकाल अशी. ‘त्यानं कॉलेजला जायला हवं’ हे चालणार नाही, ते त्याच्या हातात आहे. ‘तो गेला नाही तर मी त्याच्या वतीनं खोटं कारण कळवणार नाही’ हे तुमच्या हातात आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. मुलगी नोकरीला लागली आहे. आईला सतत वाटतं, तिला वाटेत अपघात होईल. दिवसाला दहा-बारा फोन: ‘पोहोचलीस का? निघालीस का? आवाज असा का येतोय?’ मुलगी मीटिंगमधून उठून फोन घेते, कारण नाही घेतला तर आई ऑफिसात फोन करते.

रविवारी दुपारी, घरात घाई नसताना, मुलगी म्हणते: ‘आई, मी घराबाहेर असले की तुझा जीव टांगणीला लागतो, हे मला कळतं. मी प्रत्येक फोन घेत आले, कारण तुला बरं वाटावं. पण तुझी काळजी कमी झाली नाही, वाढली. तू हे सहन करू शकशील, याची मला खात्री आहे. म्हणून उद्यापासून मीच चार ठरलेल्या वेळी फोन करीन. मधल्या वेळेत आलेला फोन घेणार नाही.’ बोलणं संपलं की वाद घालत बसायचं नाही. आईला लगेच पटलंच पाहिजे अशी अट नाही. हेच एका कागदावर लिहून दिलं तर उत्तम, कारण भीतीच्या भरात ऐकलेलं राहत नाही.

पहिले दोन आठवडे चार फोन. मग दोन आठवडे दोन फोन. मग फक्त पोहोचल्यावर एक मेसेज. मग तोही फक्त उशीर होणार असेल तेव्हा. फोन घड्याळाप्रमाणे व्हायला हवा, चिंता वाढली म्हणून नव्हे. यातलं मर्म हेच आहे. चिंता शिगेला गेल्यावर फोन मिळाला तर चिंतेलाच बक्षीस मिळतं.

मधल्या वेळात आईनं वहीत तीन गोष्टी लिहायच्या: काय होईल असं वाटतंय, भीती 0 ते 100 मध्ये किती, आणि नंतर प्रत्यक्षात काय झालं. ‘फोन नाही आला म्हणजे अपघात. 85. तासाभरानं 40. काही झालं नव्हतं.’ अशी वीस पानं आईच्या स्वतःच्या अक्षरात भरली की त्यांचं जे वजन पडतं, ते कुणाच्या समजावण्याचं पडत नाही. भीती शून्यावर यायची वाट पाहू नका. भीती असूनही काम झालं, एवढं पुरे.

चौथ्या-पाचव्या दिवशी बहुधा स्फोट होतो. फोन दुप्पट येतात, रडारड, ‘तुला माझी किंमत नाही’. याला घाबरून बहुतेक घरं माघार घेतात, आणि ही वेळ माघार घ्यायला सगळ्यात वाईट. पंधराव्या फोनला उत्तर मिळालं की मेंदू शिकतो की पंधरा वेळा केलं पाहिजे. म्हणून पायरी अशीच निवडावी की वाईटात वाईट दिवशीही ती पाळता येईल. चारही झेपत नसतील तर सहापासून सुरू करा.

योजना फसते ती बहुतेक याच कारणांनी: भांडणाच्या भरात जाहीर केली, शिक्षा म्हणून वापरली, पायरी फार उंच होती, घरातलं एक माणूस गुपचूप जुनी सवलत देत राहिलं. शेवटचं कारण सगळ्यात घातक आहे. कधी मिळते, कधी नाही, अशी सवलत रोज मिळणाऱ्या सवलतीपेक्षाही चिवट सवय लावते. बाबा उत्तर देत नाहीत पण आजी देते, असं चालत असेल तर आधी आजीला विश्वासात घ्या, नंतर सुरुवात करा.

कौतुक करा, ते धडपडीचं. ‘आज घाबरली नाहीस, वा!’ असं म्हटलं तर उद्या घाबरल्यावर तिला हरल्यासारखं वाटेल. ‘घाबरलीस तरी वाट पाहिलीस’ हे बरोबर.

आणि एक अट. भीतीमागे खरा धोका नाही ना, हे आधी पाहा. शाळेला न जाणाऱ्या मुलाला तिथे कुणी छळत असेल, घरात कुणी मारहाण करत असेल, तर ती खोटी घंटा नाही. तिथे आधी संरक्षण. मोठ्या आघातानंतरची भीती आणि ऑटिझम असलेल्या व्यक्तीचा गोंगाटाचा त्रास, यांतही तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पायऱ्या आखू नका.

उपचारांत घरच्यांचं काम

मदत घेण्याबद्दल बोलताना निदानाचं लेबल लावू नका, नुकसानाबद्दल बोला. ‘तुला अँक्झायटी आहे, डॉक्टरकडे जा’ यापेक्षा ‘गेले तीन महिने तू मित्रांना भेटला नाहीस आणि तुला ते आवडायचं, दोन भेटी घेऊन बघू या का?’ हे कानाला वेगळं लागतं. पहिली अपॉइंटमेंट घेऊन देणं, सोबत जाणं ही चालणारी मदत आहे. आत त्यांच्या वतीनं सगळं बोलणं, ही नाही.

सीबीटी या थेरपीला, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराला, चिंताविकारांत भरपूर पुरावा आहे. साधारण 12 ते 16 आठवडी सत्रं लागतात, आणि खरं काम सत्रांमधल्या दिवसांत, घरी होतं. थेरपिस्टला एकच प्रश्न नक्की विचारा: ‘घरी आम्ही काय करायचं आणि काय थांबवायचं?’ सत्रात काय बोलणं झालं ते उकरून काढू नका.

औषधांत सहसा आधी एसएसआरआय गटातलं, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारं औषध देतात, उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता उलट वाढू शकते. अनेक जण नेमके तिथेच औषध टाकून देतात. म्हणून डॉक्टर लहान डोसपासून सुरू करतात आणि घरच्यांनी हे आधीच माहीत करून घ्यायचं. पंचविशीच्या आतल्यांकडे सुरुवातीला आणि डोस बदलल्यावर विशेष लक्ष हवं, कारण काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा ते बारा महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या अर्ध्या-एक तासात शांत करतात, म्हणूनच काही आठवड्यांत सवय लागू शकते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पाकिटातली गोळी ‘आजच्यापुरती’ देऊ नका. दारूसोबत त्या श्वास मंदावू शकतात. रोज चालू असलेली गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात.

‘जगावंसं वाटत नाही’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी वाक्यं कानावर आली तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार मनात येतात का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि इजा होईल अशा वस्तू बाजूला करा आणि त्याच दिवशी आपत्कालीन मदत मिळवा. तिथे सवलतींचा कुठलाच नियम लागू नाही.

तुमच्या स्वतःच्या झोपेचाही हिशोब ठेवा. रात्री अडीचला कुणीही नीट बोलू शकत नाही. घरात दोघं मोठे असतील तर रात्री वाटून घ्या आणि आठवड्यातले काही तास असे ठेवा, ज्यात चिंता हा विषय निघणार नाही.

सुधारणा सरळ रेषेत येत नाही. आजारपण, बदली, मृत्यू, कधी नुसतं दोन रात्रींचं जागरण, आणि जुने प्रश्न परत येतात. तेव्हा सगळी जुनी व्यवस्था पुन्हा सुरू करायची नाही. वही उघडून शेवटची जमलेली पायरी पाहायची आणि तिच्याखालच्या पायरीवर आठवडाभर थांबायचं. मेसेजवर आलेली आई घाबरली तर आठवडाभर दोन फोन, ठरलेल्या वेळी. बारा नाहीत. पुढच्या सोमवारी पुन्हा मेसेज.